सुरेखाच्या शेळ्यांचं कर्ज

साजगावच्या कारखान्याच्या फाटकाशी भिंतीवर अंगठा घेणारं एक काळं यंत्र आहे. सकाळी पावणेआठला बायकांची रांग त्याच्यापुढे लागते. कुणाचा अंगठा एका झटक्यात लागतो, कुणाला तो पदराला पुसून चारदा ठेवावा लागतो. पॅकिंगमधल्या सुरेखा पादीरची मात्र वेगळीच खोड होती. अंगठा ठेवायच्या आधी ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. मागच्या बायकांना वाटायचं, देवाचं नाव घेत असेल. ते देवाचं नाव नव्हतं. ती म्हणायची, "ये गं बाय." मग अंगठा टेकवायची आणि हिरवा दिवा लागायचा. म्हणायला विसरली की तांबडा लागायचा. बारा वर्षांत तिनं हे इतक्या वेळा पाहिलं होतं की आता तिला त्याचं नवल वाटत नव्हतं, फक्त भीती वाटायची.

कारण सुरेखा तिचं नाव नव्हतंच. ती बुधी. चौक गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत बावीस घरांची ठाकरांची वाडी आहे, तिथं बुधवारी जन्मली म्हणून बुधी. सुरेखा ही तिची थोरली बहीण. तिलाही घरात सोमी म्हणायचे, पण ती आश्रमशाळेत गेली आणि गुरुजींनी दाखल्यावर चांगलं सुरेखा असं नाव घातलं. सुरेखा सातवीपर्यंत शिकली. बुधीच्या वाट्याला शाळा आली नाही, कारण कुणीतरी घरी राहायला हवं होतं.

ही सुरेखा डावखुरी होती. कोयता डाव्या हातात, भाकरी डाव्या हातानं, लिहिणंही डाव्या हातानं. गुरुजींनी पट्ट्या मारमारून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. सही करताना ती आधी अक्षरं काढायची आणि मग वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढत आणायची. रेघेचं टोक डाव्या बाजूला आकड्यासारखं खाली वळायचं. एकोणिसाव्या वर्षी तिनं ही सही कर्जतला बँकेत करून दाखवली आणि बारा हजारांचं कर्ज काढून तीन शेळ्या आणल्या. शेळ्या वाढवायच्या, विकायच्या आणि सडकेला लागून स्वतःची खोली बांधायची, असा तिचा बेत होता. खोलीला खिडकी हवी, हे तिनं बुधीला शंभरदा सांगितलं होतं.

पुढच्या श्रावणात एक शेळी कड्याकडे गेली. तिला आणायला सुरेखा गेली. संध्याकाळी शेळी एकटीच घरी आली, गळ्यात दावं तसंच. सुरेखा दुसऱ्या दिवशी खालच्या ओढ्यात सापडली. वाडीनं तिला अग्नी दिला. मयताची नोंद करायला कुणी ग्रामपंचायतीत गेलं नाही, कारण वाडीतल्या कुणाचीच तशी नोंद व्हायची नाही.

पुढं बुधी अठरा वर्षांची झाली तेव्हा कारखान्यात बायका घेत होते, पण शाळेचा दाखला लागत होता. तिची आई जयवंता हिनं पेटीतून सुरेखाचा दाखला काढला आणि तिच्या हातात दिला. आधार, पॅन, बँकेचं पुस्तक, सगळं त्यावरूनच झालं. कागदावर बुधी एका रात्रीत सहा वर्षांनी मोठी झाली. लग्नानंतरही तिनं कागद बदलले नाहीत; उसन्या लुगड्याला आणखी जरीचा काठ कोण लावत बसणार.

यात एक गोष्ट मात्र राहिली. वाडीत माणूस मेलं की त्याचा दिवस घालतात. भगत येतो, मेलेल्याला नावानं बोलावतो, काय राहिलंय ते विचारतो आणि वाटेला लावतो. त्यानंतर ते नाव कुणी हाक मारायला वापरायचं नाही. आधी पैसे नव्हते म्हणून सुरेखाचा दिवस लांबला. मग तिचं नाव कामाला लागलं. जे नाव रोज फाटकावर हजेरी लावतं, त्याला वाटेला कसं लावायचं? जयवंता दर सणाला एक पान जास्तीचं वाढायची आणि सकाळी ते शेळ्यांपुढे टाकायची. सोळा वर्षं हे असं चाललं होतं.

आता बुधीला घर हवं होतं. नवरा नवनाथ टेंपो चालवायचा, मुलगी सानवी चौथीत होती, आणि साजगावातली भाड्याची खोली इतकी अंधारी की दुपारीही दिवा लावावा लागे. त्यात वाडीचं नाव दरडीच्या यादीत आलेलं. पावसाळ्याआधी आईला खाली आणायचंच, हे बुधीनं मनाशी पक्कं केलं होतं. कुंभिवलीला दुसऱ्या माळ्यावर एक खोली-स्वयंपाकघर मिळत होतं. पन्नास हजार बयाणा दिला होता. मे अखेरपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर बयाणा बुडणार होता. तेवढे पन्नास हजार तिनं सहा वर्षांत साठवले होते.

कर्जाची कागदपत्रं जमवणारा हर्षद नावाचा एजंट होता. गोड बोलायचा, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, सिबिलमध्ये एक जुनं कर्ज निघालंय. दोन हजार आठचं. शेळीपालन. थकीत. हे मिटवल्याशिवाय कुणी तुम्हाला दारात उभं करणार नाही."

शेळीपालन हा शब्द ऐकून तिला त्या संध्याकाळची शेळी दिसली, दारात उभी, ओली, गळ्यात दावं.

"माझं नसंल तर?" तिनं विचारलं.

"मग तसं लिहून द्या. ही सुरेखा लडकू पादीर दुसरी, मी दुसरी. पुरावा जोडा." हर्षद सहज बोलून गेला. "पण नाव तेच, बापाचं नाव तेच, जन्मतारीख तीच. दुसरी आणायची कुठून?"

ती कुठून आणायची हे बुधीला पक्कं ठाऊक होतं. पण ती मेली असं लिहून दिलं तर बारा वर्षं कारखान्यात कोण जात होतं, फंड कुणाचा जमला, आधार कुणाचं, आणि सानवीच्या दाखल्यावर आईचं नाव कुणाचं, हे सगळंच उघडं पडलं असतं. बहिणीला मेली म्हणायचं तर बुधीलाही कागदावरून पुसून जावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून कर्जतला गेली.

बँकेत जुन्या कर्जांचं टेबल देवव्रत नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. कर्जतच्याच जुन्या घरातला, निवृत्तीला आलेला शांत माणूस. त्यानं मागच्या खोलीतून दोरीनं बांधलेली फाईल आणवली, फुंकर मारून उघडली, चष्म्यावरून आधी फोटोकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"तुम्ही काही बदलला नाहीत," तो म्हणाला. "सतरा वर्षं झाली याला."

त्यानं फाईल तिच्याकडे वळवली. बुधीनं पाहिलं आणि तिला बसल्या जागी रडू फुटलं. सुरेखाचा एकही फोटो घरात नव्हता. तिचा चेहरा कसा होता हे बुधी हळूहळू विसरत चालली होती, आणि ती या पिवळ्या कागदावर सतरा वर्षं टाचणी खात बसली होती. केसांना तेल लावून, गळ्यापर्यंत पदर घेऊन. देवव्रतला वाटलं, बाई कर्जाला घाबरली. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"घाबरू नका. एकरकमी भरलंत तर तेवीस हजारांत मिटवून देतो. येणं नाही असा दाखला देतो. फक्त एक बघा, तुमचीच सही आहे ना, खात्री करून घ्या. कर्ज घेतलंत तेव्हाची ही. आणि आमचा माणूस वाडीत आला होता तेव्हा कर्ज मान्य आहे म्हणून तुम्ही पत्र दिलंत, त्यावरची ही."

दोन्ही सह्या सारख्या होत्या. वरची रेघ उजवीकडून आलेली, टोक डावीकडे आकड्यासारखं वळलेलं. बुधीनं दुसऱ्या पत्रावरची तारीख वाचली. कारखान्यात लागल्यावर ती तेवढं वाचायला शिकली होती. ऑगस्ट दोन हजार अकरा. सुरेखाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"माझीच," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

त्याच दुपारी ती वाडीत गेली. जयवंता अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. सात शेळ्या आणि दोन बोकड, सगळी त्या एकट्या परत आलेल्या शेळीची, रोगराईतून वाचलेली पिलावळ. पोरीनं सगळं सांगेपर्यंत म्हातारी पाल्याचे डहाळे मोडत राहिली.

"साहेब आला व्हता," ती म्हणाली. "सुरेखा कुठं हाय इचारलं. मेली सांगितलं असतं तर शेळ्या सोडून नेल्या असत्या. माजी तर दातखीळ बसली. तू आत तापानं पडलेली, तीन दिस शुद्ध नव्हती तुला. तूच उठून भाईर आलीस."

"मी?"

"तूच. त्येच्या हातातलं पेन घेतलंस, सही केलीस आन परत जाऊन निजलीस."

"आये, मला तवा लिवता येत नव्हतं."

"ठावं हाय मला." जयवंतानं डहाळा खाली टाकला. "डाव्या हातानं केलीस."

शेळ्या पाला खात होत्या, त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज तेवढा येत होता. बुधीनं आपला डावा हात उलटापालटा करून पाहिला. या हातानं तिला साधा चहाचा कप धड धरता यायचा नाही.

"म्हनून तर तुला तिचं नाव दिलं मी," जयवंता म्हणाली. "मी कशाला देतेय मेलेलीचं नाव? तीच आली व्हती तुज्याकडं. मला वाटलं, तिलाच द्यायचं हाय."

दुसऱ्या दिवशी जयवंतानं दोन्ही बोकड बाजारात नेले. सोळा वर्षांत तिनं त्या पिलावळीतली एक शेपूटही स्वतःसाठी विकली नव्हती. लागलं तसं पाहुण्यांकडून उसनं घेतलं, पण शेळ्या सुरेखाच्या म्हणून हात लावला नाही. आता मात्र ती म्हणाली, "तिचं हाय, तिच्यातनंच फिटू दे." बोकडांचे पंचवीस हजार आले. तेवीस बँकेत भरले. देवव्रतनं शिक्का मारून दाखला दिला: सुरेखा लडकू पादीर यांच्याकडे बँकेचं कोणतंही येणं बाकी नाही. बुधीनं तो फोटो मागितला. नियमात बसत नव्हतं, पण देवव्रतनं टाचणी काढली आणि कुणाकडे न बघता तो तिच्या हातात ठेवला.

दाखला हातात आला तसं जयवंताच्या मनानं घेतलं, आता दिवस घालायचा. बँकेचं फिटलं, आता पोरीचं मागं काही राहिलं नाही. बुधीलाही ते हवं होतं. खरं सांगायचं तर तिला सुटका हवी होती. रोज सकाळी फाटकावर मेलेल्या माणसाला हाक मारायची, याचा तिला वीट आला होता. नवं कर्ज जरी सुरेखाच्याच नावावर होणार असलं तरी ते नुसतं कागदावरचं नाव राहील, आत कुणी नसेल, असा तिनं हिशेब केला होता.

शुक्रा भगत तिचा चुलता लागायचा. रविवारी दुपारी तो आला. अंगण सारवलं, सुपात तांदूळ घेतले, समोर तो फोटो ठेवला. वाडीतली पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून बसली. शुक्रानं सुरेखाला नावानं बोलावलं, सोमी म्हणूनही बोलावलं. काय राहिलंय ते विचारून सुपातले तांदूळ बोटांनी जोडीजोडीनं मांडले. जोडी पुरली तर ती निघाली, एक दाणा उरला तर राहिली. एक दाणा उरला. परत मांडले, परत एक उरला. तिसऱ्यांदा शुक्रानं सगळं पुसून नवे तांदूळ घेतले. एक उरला.

"बँकेचं फिटलं तुजं," शुक्रा फोटोकडे बघून म्हणाला. "शेळ्या हायत, आय हाय, बहीण हाय. मंग कशाला अडून बसलीस गं?"

उन्हात कुठंच वारा नव्हता. बांधलेल्या शेळ्या एकदम उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी माना एकाच बाजूला केल्या. बुधीनं तिकडे पाहिलं. तिकडे तिची आई बसली होती. जयवंताचे डोळे मिटलेले होते आणि ती डाव्या हातानं जमिनीवर रेघा ओढत होती, उजवीकडून डावीकडे.

"कितव्या माळ्याव हाय?" जयवंतानं विचारलं. आवाज तिचा नव्हता. विशी-एकविशीच्या पोरीचा, उतावळा आवाज होता.

शुक्रानं बुधीकडे पाहून मान हलवली, की तूच सांग.

"दुसऱ्या," ती म्हणाली.

"खिडकी हाय?"

"हाय. दोन हायत. एकीतनं डोंगर दिसतो."

जयवंताचा हात थांबला. मग परत चालू झाला. "आन शेळ्या कुठं बांधायच्या?"

बुधीला इतका वेळ नुसती भीती वाटत होती. आता त्या भीतीतूनच तिला एकदम बहिणीची माया आली. सोळा वर्षांनी आलेली ही बया अजून शेळ्याच बांधतेय, असं तिच्या मनात आलं.

"शेळ्या आयेच्या चुलतभावाकडं खाली ठेवू," ती कशीबशी म्हणाली. "तू काळजी नको करू गं बाय."

जयवंतानं डोळे उघडले. तिला काही आठवत नव्हतं. तोंड कोरडं पडलं म्हणून तिनं पाणी मागितलं. शेळ्या खाली बसल्या.

निघताना शुक्रानं बुधीला बाजूला घेतलं. "ती जायाची नाय. तिचं नाव तुमी कामाला लावलंय, त्येला मोकळीक नाय. नवं कर्ज किती वरसांचं?"

"वीस."

"मंग वीस वरसं ती तुज्या घरात. इचार करून सही कर. घरात पोर हाय."

चार दिवस बुधीनं विचार केला. नवनाथला सांगितलं तर तो म्हणाला, घर नको म्हणून सांग, बयाणा गेला तर गेला. पण तसं म्हणताना त्याचा चेहरा पडला होता. रात्री दरडीची बातमी लागली की जयवंता एकटी डोंगराखाली आहे हे बुधीला आठवायचं. आणि दुसरीही एक गोष्ट आठवायची. घर हवं होतं ते आधी सुरेखाला. बुधीला खिडकीचं वेड लागलं ते तिच्याच तोंडून ऐकून. जिच्या नावावर बारा वर्षं पगार घेतला, तिला आता दाराबाहेर ठेवून घराची किल्ली कशी घ्यायची, हे काही केल्या तिच्या मनाला पटेना.

मे महिन्याच्या सत्ताविसाव्या तारखेला ती खोपोलीच्या कर्ज कचेरीत सहीला बसली. करारनाम्याची पानं चाळीसच्या वर होती आणि प्रत्येक पानावर सही. पेन उचलताना तिनं सवयीनं पुटपुटलं, "ये गं बाय." मग खाली मान घालून सह्या करत सुटली. एक पान, दुसरं पान. पंख्याचा आवाज येत होता. शेवटच्या पानावर तिनं मान वर केली तेव्हा पेन तिच्या डाव्या हातात होतं.

समोरच्या बाईनं गठ्ठा ओढून घेतला आणि भराभर पानं उलटली. बुधीला वाटलं, आता ही म्हणणार की सह्या वेगळ्या आहेत, सगळं नव्यानं करा. बाई पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत गेली.

"छान. सगळ्या एकसारख्या आहेत," ती म्हणाली आणि शिक्का मारला.

बुधीनं वाकून पहिलं पान पाहिलं. त्यावरही वरची रेघ उजवीकडून आली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंभिवलीच्या घरात सामान आलं. जयवंताही आली, कुरकुर करत, शेळ्यांचा निरोप घेऊन. दुपारी बुधीनं नव्या ओट्यावर पहिला भात शिजवला आणि पानं मांडली. घरात माणसं चार. तिनं पाच पानं मांडली. पाचवं मांडलं ते डोंगराकडच्या खिडकीखाली, आणि डाव्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला. जयवंतानं पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

सानवीला काही माहीत नव्हतं. तिनं पानं मोजली.

"आई, हे कुणाचं? कोण येणारे का?"

"ती आलीये," बुधी म्हणाली. "घर जिच्या नावावर हाय ना, तिला आधी वाढते. मग आपण बसू."

तिनं वाडग्यातून भात काढला आणि खिडकीखालच्या पानावर वाढला.